हदगावचं नॅट

लातूर आणि नांदेडचं आयुक्तालयावरून जमत नाही, रेल्वेवरून जमत नाही, बिर्याणीवरून तर मुळीच जमत नाही. जुन्या लढाऊ विमानांवरून मात्र जमतं. म्हणजे दर दोन महिन्यांनी एका रविवारी समोरासमोर बसून भांडता येईल, इतपत जमतं. एकदा ते आमच्याकडे नांदेडला येतात, एकदा आम्ही तिकडे जातो. त्या रविवारी पाळी लातूरला जायची होती.

खेळ काढला ईश्वरप्पा सरांनी. सर उदगीरकडचे. लातूरच्या एका क्लासमध्ये पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवून घरी बसले आणि प्रश्न विचारायला माणूस मिळेना तेव्हा त्यांना हे सुचलं. एका विमानाचे पाच संकेत. पहिला अवघड, पाचवा असा की ऐकूनही ओळखलं नाही तर माणसानं मान खाली घालून चहा प्यावा. पहिल्या संकेतावर ओळखलं तर पाच गुण, दुसऱ्यावर चार, असे उतरत जातात. ओळखलं की समोरचा स्टीलचा गिलास चमच्यानं वाजवायचा.

इथवर कुठल्याही खेळासारखाच. पण जन्मभर परीक्षा घेतलेला माणूस, त्यानं मध्ये एक पाचर मारून ठेवली. उत्तर आलं की सर बरोबर की चूक ते लगेच सांगत नाहीत. आधी समोरच्या संघाला विचारतात, "मान्य की अमान्य?" मान्य म्हटलं तर विषय संपला, उत्तर बरोबर असेल तर देणाऱ्याला गुण, चूक असेल तर कुणालाच काही नाही. अमान्य म्हटलं तर खरं नाव आपण सांगायचं. ते बरोबर निघालं तर सगळे गुण आपले, चूक निघालं तर आपले दोन कापले.

गुण लिहायचं काम माझ्याकडे. पंचायत समितीत एकतीस वर्षं रजिस्टरं सांभाळली, त्यामुळे मी हदगावचा, म्हणजे नांदेडकडचा असूनही लातूरवाल्यांनी कधी हरकत घेतली नाही. तसंही हरकत घ्यायला त्यांना वेळ कुठं असतो. त्यांची पोरं पाठ करण्यात गुंतलेली असतात.

आमच्या संघात दोघं. पहिला सलीम. नांदेडला देगलूर नाक्यावर मोटारी-पंख्यांचं वाइंडिंग करतो. बरोबर उत्तर आणि चूक उत्तर तो सारख्याच आवाजात देतो, त्यामुळे समोरचा संघ कायम गोंधळात. दुसरे किशनराव. वय चौऱ्याहत्तर, हदगावजवळचे. वायुसेनेत अठरा वर्षं विमानांना तेल भरायच्या टँकरवर होते. किशनराव कमी बोलतात आणि गिलास हळूच वाजवतात, पण वाजवला की पाच गुण लिहायला मी पेन उघडून ठेवतो.

लातूरच्या संघातही दोघं. रविकिरण नावाचा बारावीचा मुलगा, ज्याला तीनशे विमानांच्या पंखांची लांबी फुटाइंचात पाठ आहे. आणि ऋतुजा. किशनरावांची सख्खी नात. दोन वर्षांपासून लातूरला होस्टेलवर राहते, म्हणून लातूरकडून खेळते. पहिल्या दिवशी सलीमनं तिला टोचलं होतं, "पोरी, खानदान नांदेडचं आन गाणं लातूरचं?"

ती म्हणाली, "चाचा, जिथं मेसचं जेवण जाईना तिथं राहून दाखवा, मग बोला."

क्लासच्या वरच्या हॉलमध्ये अकरा वाजता खेळ सुरू झाला. सगळ्यांपुढे चुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या प्लेट, बघायला तीसेक माणसं. दहा विमानं होती. सहा झाली तेव्हा नांदेड बावीस, लातूर वीस.

सातव्याचा पहिला संकेत सरांनी वाचला. "हे जेट विमान, पण याच्या अंगात सुताराचं काम होतं."

ऋतुजाचा गिलास वाजला. "व्हॅम्पायर."

"मान्य की अमान्य?"

किशनराव तोंड उघडायच्या आत सलीम गरजला, "अमान्य! लाकडाचं जेट? मागून जाळ निघतो त्याच्या, चूल हाय का ती?"

"मग खरं नाव?"

"मिस्टेअर."

किशनरावांनी डोळे मिटून घेतले. सरांनी वहीतून वाचलं. व्हॅम्पायर. वैमानिक बसतो तो भाग प्लायवुड आणि बाल्साचा. लातूर पंचवीस, आणि आमचे दोन कापून वीस.

"मला इचारायचं तरी," किशनराव म्हणाले.

"तुम्हाला इचारलं असतं तर तुम्ही मान्य म्हनले असते," सलीम म्हणाला. "मग मजा काय?"

आठव्याला त्यानं भरपाई केली. दोन इंजिनं पंख्याची, पाठीवर तिसरं जेटचं, हा पहिला संकेत. दुसरा लडाखचा आला तसा त्यानं "पॅकेट!" म्हणून गिलास आडवा केला. रविकिरणनं मुकाट मान्य म्हटलं. नांदेड चोवीस, लातूर पंचवीस.

नववं विमान. सरांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसतात तेव्हा प्रश्नात खड्डा असतो, हे मला चार वर्षांत कळलंय, पोरांना अजून नाही.

"इतकं ठेंगणं, की मेकॅनिक शिडी न लावता उभ्याउभ्या काम करायचे. आणि पंखातच तेल भरलेलं."

सरांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. ऋतुजानं गिलास वाजवला आणि हसून सगळ्या हॉलकडे बघितलं.

"नॅट. सर, हे तर आमच्या हदगावला उभं आहे. शाळेपुढं, चबुतऱ्यावर. लहानपणी मी त्याच्या चाकांमागे लपाछपी खेळले. आबांनीच त्याचं नाव सांगितलं, बोर्डसुद्धा त्यांनीच लिहून घेतला."

टाळ्या पडल्या. माणसं किशनरावांकडे वळून बघायला लागली.

"नांदेड," सर म्हणाले, "मान्य की अमान्य?"

सलीम म्हणाला, "मान्य म्हना की किशनराव. तुमचंच नॅट हाय, घरचंच गिऱ्हाईक."

किशनरावांनी हातातला चमचा प्लेटमध्ये ठेवला, परत उचलला.

त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांनी मला परतीच्या एसटीत, अहमदपूर सोडल्यावर सांगितलं. पण वाचणाऱ्याला ते आत्ताच कळलेलं बरं.

बारा वर्षांपूर्वी हदगावच्या त्या शाळेला एक जुनं विमान मिळालं. ट्रकवर सुटं सुटं आलं. हलगी लावून, नारळ फोडून लोकांनी ते उतरवून घेतलं. गावात वायुसेनेचा माणूस एकच, म्हणून संस्थेचे चेअरमन बजरंगराव यांनी किशनरावांना बोलावलं. किशनरावांनी दुरूनच ओळखलं. अजित. नॅटचाच धाकटा भाऊ, आपल्याकडे बंगळूरला सुधारून बांधलेला. नॅटला जास्तीचं तेल न्यायचं तर पंखांखाली टाक्या टांगाव्या लागत. अजितच्या पंखातच तेल मावायचं. त्या पंखांत किशनरावांनी किती वेळा तेल भरलं असेल याची गणती नाही.

तेवढ्यात बजरंगरावांनी चारशे माणसांसमोर विचारलं, "आबा, ह्यानं किती पाडली?"

खरं उत्तर होतं, एकही नाही. अजित सेवेत आलं तोवर लढाया होऊन गेल्या होत्या. बिचारं एकही लढाई न बघता निवृत्त झालं. पण आमच्या भागात शंकरपटात न पळलेला बैल कुणी हलगी लावून दारात आणत नाही. नारळ फुटलेला, गुलाल उधळलेला, आणि चारशे तोंडं किशनरावांच्या तोंडाकडे लागलेली. ते म्हणाले, "नॅट हाय हे. पासष्टच्या लढाईतलं." गाव नाचलं. दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि ते चबुतऱ्यावर गेलं.

एकदा चबुतऱ्यावर गेलेलं खाली येत नाही, उलट वाढत जातं. पहिल्या पंधरा ऑगस्टला किशनरावांच्या भाषणात त्या विमानानं शत्रूचं एक विमान पाडलं. तिसऱ्या वर्षी तीन. मी समोर बसून मोजत असे. गेल्या वर्षी आकडा सहावर गेला, आणि त्यातली दोन पाडण्याआधी तेल स्वतः किशनरावांनी भरलेलं होतं. किशनराव पासष्ट साली आठवीत होते. वायुसेनेत भरती झाले तेव्हा एकाहत्तरची लढाईसुद्धा संपून महिना झाला होता. ही वजाबाकी गावात कुणीच केली नाही. ज्याला भाषण आवडतं तो वजाबाकी करत नाही.

गावाचं एक वेळ सोडा. पण ऋतुजा पाच वर्षांची असल्यापासून ते भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकत आली. आबा सांगतात ते खरं, हे तिनं कधी तपासलंच नव्हतं, कारण तपासायची गरजच पडली नव्हती.

आता हिशोब बघा. किशनराव "मान्य" म्हणाले असते तर काय झालं असतं? सरांनी वहीतून अजित वाचलं असतं. किशनरावांनी कपाळाला हात लावून म्हटलं असतं, "हाव का? दोन्ही भाऊ लई सारखे दिसतेत." एवढ्यावर सुटले असते. म्हाताऱ्याची नजरचूक, कोण विचारतं. गुण कुणालाच नाहीत, इज्जत जागच्या जागी. "अमान्य" म्हणायचं तर त्याच दमात अजितचं नाव घ्यावं लागणार. आणि ते घेतलं की त्यांना ते आधीपासून माहीत होतं, हे शेंबडं पोरही ओळखणार.

"किशनराव?" सरांनी परत विचारलं.

"अमान्य," किशनराव म्हणाले.

सलीमच्या तोंडातला सुशिला तसाच राहिला. "काय करून राहिले तुम्ही?"

"खरं नाव?" सर म्हणाले.

"अजित. नॅटच्या पंखात असं तेल नसायचं. मी दोन्हीला भरलंय."

सरांनी वही उलटी करून हॉलला दाखवली. अजित. मी लिहिलं, नांदेड एकोणतीस. लातूर पंचवीस.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. ऋतुजा उठून उभी राहिली होती. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं, फक्त त्याला जागा सापडत नव्हती.

"आबा, म्हणजे आपल्या इथलं?"

"तेबी अजितच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"ट्रकवरून उतरलं तव्हाच."

"आणि सहा विमानं पाडली ती?"

"एकबी न्हाई पाडलं त्यानं. लढाईच न्हाई बघितली."

मागून कुणीतरी हसलं. सलीम मित्रासाठी धावून गेला, पण त्याची धाव अशीच असते. "लढलंच न्हाई तर हरंल कसं? नाव अगदी बराबर हाय, अजित!"

"चाचा, तुम्ही गप बसा," ऋतुजा म्हणाली.

सलीम गप बसला. चार वर्षांत पहिल्यांदा, तशी नोंद माझ्याकडे आहे.

किशनराव माझ्याकडे वळले. "पोरीचे गुण जाऊ देऊ नका. चूक तिची न्हाई. बोर्ड मी लिहिलेला."

"तिचे कापलेले नाहीत," मी म्हणालो. "मिळाले नाहीत एवढंच. आणि बोर्डाला गुण द्यायचा नियम नाही."

"साकु, साकु," ईश्वरप्पा सर म्हणाले. गडबड थांबवायची असली की ते कन्नडमध्ये बस म्हणतात. "घरचं घरी. दहावं विमान घेऊ या."

ऋतुजा बसली. रविकिरण तिच्याकडे बघेना. फुटाइंचात पाठ असलेल्या पोराला अशा वेळी काय करावं ते कुठल्याच नोट्समध्ये दिलेलं नसतं.

दहाव्याचा पहिला संकेत आला. "जन्म झाला बॉम्ब टाकायला. म्हातारपण गेलं फोटो काढण्यात."

दोन्ही गिलास वाजायला आले होते. किशनरावांचा एका श्वासानं आधी वाजला.

"कॅनबेरा."

"लातूर, मान्य की अमान्य?"

इथे पुन्हा हिशोब. मान्य म्हटलं आणि उत्तर बरोबर निघालं तर नांदेड चौतीस, खेळ संपला. मान्य म्हटलं आणि उत्तर चूक निघालं तरी नांदेड एकोणतीस, लातूर पंचवीस, खेळ संपलाच. लातूरनं जिंकायचा रस्ता एकच होता. अमान्य म्हणायचं, खरं नाव सांगायचं आणि पाच गुण उचलून तिसावर जायचं. चुकलं तर दोन कापले जातील, पण हरणारच असेल तर तेवीसवर हरलं काय आणि पंचवीसवर हरलं काय. दुसरीतल्या पोरालाही कळेल असं गणित होतं. शिवाय समोरचा माणूस आत्ताच, सगळ्यांसमोर, बारा वर्षं खोटं बोलल्याचं सांगून बसलेला.

रविकिरण तिच्या कानाशी पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लिबरेटर म्हण. तेही बॉम्बरच होतं, नंतर समुद्रावर पाहणी करायचं. अमान्य म्हण लवकर."

ऋतुजानं हात वर केला. "सर, मान्य-अमान्यच्या आधी उत्तर देणाऱ्याला प्रश्न विचारता येतो का?"

सर विचारात पडले. असं आजवर कुणी मागितलंच नव्हतं. "नियमात नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "नियमात 'नाही' असंही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"विचार."

ती किशनरावांकडे वळली. आवाज अगदी सरळ, जणू अनोळखी माणसाची उलटतपासणी. "कॅनबेरा तुम्ही बघितलंय?"

"बघितलंय."

"त्याला तेल भरलंय?"

"भरलंय" म्हणणं किती सोपं होतं. पंधरा ऑगस्टला ते सहज म्हणून गेले असते.

"न्हाई," किशनराव म्हणाले. "ते दुसऱ्या बाजूला उभं राहायचं, तिथला टँकर दुसऱ्याकडं व्हता. मी दुरून बघितलं."

"मग दुरून बघून फोटो काढतं ते कसं कळलं?"

"जेवायला एकत्र बसायचे तिथली पोरं. ते सांगायचे, आमच्यात बॉम्ब न्हाई, कॅमेरे हायेत. आन सुरू व्हताना ते काडतूस फोडायचं. धडाम. काळा धूर निघायचा, दिवाळीचा वास यायचा. तुझ्या आजीनं दोन डाव धुणं परत धुतलं त्या धुरापाई. मला शिव्या दिल्या, म्हनली तुमचं इमान. म्हनलं माझं न्हाई ते."

रविकिरण चमच्यानं टेबलावर टकटक करत होता.

"मान्य," ऋतुजा म्हणाली.

"अगं!" रविकिरण ओरडला. "आपण हरलो!"

"हरलो तर हरलो. उत्तर बरोबर आहे."

सरांनी वही दाखवली. कॅनबेरा. नांदेड चौतीस, लातूर पंचवीस. मी खाली सही केली. सलीमनं दोन्ही गिलास एकमेकांवर वाजवले आणि लातूरच्या पोरांना विचारलं, दुष्काळातल्या पाण्याच्या रेल्वेसारखी आता गुणांची रेल्वे मागवायची का.

किशनराव उठून नातीपाशी गेले. काही बोलणार, तोच तिनं हात पुढे केला. "फोन द्या तुमचा."

"कशाला?"

"बजरंगरावांना लावा. आत्ताच. घरी गेल्यावर तुम्ही म्हणाल, पुढच्या आठवड्यात सांगतो. मग पंधरा ऑगस्ट येईल."

नातीनं आजोबाला इतकं नेमकं ओळखावं हे बघून मला बरं वाटलं. किशनरावांनी फोन लावला. त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन स्पीकरवर असतो. आणि स्पीकरवरचा फोन तीस माणसांचा असतो.

"बोला आबा," बजरंगरावांचा आवाज आला. "जिंकले का?"

"जिंकलो. चेअरमन साहेब, एक सांगायचं हाय. ते आपल्या शाळेपुढचं इमान नॅट न्हाई. अजित हाय. मला आधीपासून ठाव व्हतं."

बजरंगराव म्हणाले, "मलाबी."

"आं?"

"सोबत कागद आला व्हता की आबा. इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, अजित. मी आठ दिवसांनी वाचला. तोवर बोर्ड लागला व्हता, तुमचं भाषण झालं व्हतं. म्हनलं म्हातारा माणूस, चारचौघांत कशाला तोंडावर पाडायचं. ठेवला कपाटात."

"मी तर तुमच्यासाठी गप बसलो," किशनराव म्हणाले. "तुम्ही गुलाल उधळून बसला व्हता."

"आन मी तुमच्यासाठी."

सलीमला राहवलं नाही. "मग आजवर ते खोटं कुनासाठी चालू व्हतं?"

"माझ्यासाठी," ऋतुजा म्हणाली. "मीच एकटी खरं समजत होते." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा ती हसली. हसली म्हणजे हसतच सुटली. किशनराव आधी तिच्याकडे भीतभीत बघत राहिले, मग त्यांचेही खांदे हलायला लागले.

"हॅलो? हॅलो?" फोनमधून बजरंगराव. "आबा, आता बोर्डाचं काय करू? सोमवारी पेंटर बोलवतो. पण नॅटच्या जागी अजित बसंल का? पट्टी लहान हाय ती."

ऋतुजानं फोन आपल्याकडे ओढला. "बसेल काका. खालच्या लढाईच्या दोन ओळी पुसा, लई जागा होते."